पिल्लाचं कोरडं खाद्य निवडताना: पिशवीच्या मागच्या बाजूला काय वाचायचं

पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचे मऊ पट्टे असतात आणि हाड लांब होतं ते तिथूनच. छोट्या जातींत हे पट्टे आठ-दहा महिन्यांत भरून येतात, अवाढव्य जातींत दीड वर्षापर्यंत उघडे राहतात. तोवर पोटात जाणाऱ्या प्रत्येक घासाचा हिशोब हाडात मांडला जातो. म्हणून पिल्लाचं खाद्य निवडताना पिशवीवरचं चित्र, चवीचं नाव, ‘प्रीमियम’, ‘नॅचरल’ हे शब्द बाजूला ठेवायचे आणि पिशवी उलटी करायची. कामाचं सगळं मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं असतं.

त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हाताशी हवं: हे पिल्लू मोठेपणी किती किलोंचं होणार? जात माहीत असेल तर आई-वडिलांच्या वजनावरून अंदाज येतो. मिश्र जातीचं असेल तर वजनकाट्याची मदत घ्या. मध्यम आकाराचं पिल्लू चार महिन्यांचं असताना साधारण मोठेपणीच्या निम्म्या वजनाचं असतं. छोट्या जाती हा टप्पा थोडा आधी गाठतात, मोठ्या जाती पाचव्या महिन्याच्या आसपास. म्हणजे चार महिन्यांना १६ किलो भरणारं पिल्लू ३२ किलो किंवा त्याहून जास्त होणार असं धरून चाला. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण अमेरिकेतली आफ्को ही पशुखाद्याचे निकष ठरवणारी संस्था मोठेपणी सुमारे ३२ किलो किंवा अधिक वजन होणाऱ्या कुत्र्यांसाठी वाढीच्या खाद्याचा वेगळा नियम लावते. खाद्य जगात कुठेही बनलेलं असलं तरी त्यावर बऱ्याचदा आफ्कोचा किंवा युरोपातल्या पशुखाद्य उत्पादकांच्या फेडियाफ या संघटनेचा उल्लेख असतो.

आधी शोधायचं ते एक वाक्य

पिशवीवर कुठेतरी एक वाक्य असतं की हे खाद्य अमुक वयाच्या कुत्र्यांसाठी संपूर्ण आणि संतुलित आहे. इंग्रजीत ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’. त्यापुढे ‘ग्रोथ’ म्हणजे वाढीसाठी, किंवा ‘ऑल लाइफ स्टेजेस’ म्हणजे सर्व वयांसाठी असं असेल तर ते पिल्लाला चालतं. ‘अॅडल्ट मेंटेनन्स’ असेल तर समोर कितीही गोंडस पिल्लाचं चित्र असलं तरी ठेवून द्या. ‘कॉम्प्लिमेंटरी’ किंवा ‘पूरक आहार’ लिहिलेलं खाद्य म्हणजे खाऊ. त्यावर पिल्लू वाढवता येत नाही.

मोठ्या जातीचं पिल्लू असेल तर तेच वाक्य शेवटपर्यंत वाचा. मोठ्या आकाराच्या कुत्र्यांची वाढ त्यात ‘धरून’ आहे की ‘वगळून’, हे तिथेच लिहिलेलं असतं. ‘इन्क्लुडिंग ग्रोथ ऑफ लार्ज साइझ डॉग्ज’ आणि ‘एक्सेप्ट फॉर ग्रोथ ऑफ लार्ज साइझ डॉग्ज’ या दोन वाक्यांत एकाच शब्दाचा फरक आहे, पण जर्मन शेफर्ड, रॉटवायलर किंवा ग्रेट डेनच्या पिल्लासाठी सगळा निर्णय त्या एका शब्दावर आहे.

प्रथिनं आणि चरबी: आकडे कसे तपासायचे

वाढीसाठी आफ्कोचा किमान निकष २२.५ टक्के प्रथिनं आणि ८.५ टक्के चरबी असा आहे. प्रौढ कुत्र्यांसाठी हेच आकडे १८ आणि ५.५ आहेत, यावरून पिल्लाला अॅडल्ट खाद्य का पुरत नाही ते कळतं. हे सगळे आकडे पाण्याचा अंश वजा करून, कोरड्या अंशावर मोजलेले असतात, आणि पिशवीवरचे आकडे पाण्यासकट. जुळवणी करायला सोपा भागाकार पुरतो: पिशवीवर प्रथिनं २८ टक्के आणि ओलावा १० टक्के असेल तर २८ ला ०.९ ने भागा, ३१.१ येईल. दोन वेगळ्या खाद्यांची तुलना करायची असेल तर हा भागाकार केल्याशिवाय करू नका.

पिल्लांच्या बहुतेक चांगल्या कोरड्या खाद्यांत प्रथिनं २६ ते ३२ टक्के आणि चरबी १४ ते २० टक्के असते. जास्त प्रथिनांमुळे हाडं वाकडी होतात हा समज फार घट्ट बसलेला आहे. ग्रेट डेन पिल्लांवर झालेल्या प्रयोगांत प्रथिनांचा असा दोष दिसला नाही. दोष निघाला तो जास्त कॅल्शियमचा आणि जास्त कॅलरींचा. मोठ्या जातीच्या पिल्लाची प्रथिनं कापायची गरज नाही, चरबी मात्र बेताची हवी, कारण कॅलरी तिथूनच वाढतात.

प्रथिनांचा आकडा किती आहे ते सांगतो, कसलं आहे ते सांगत नाही. प्रयोगशाळा खाद्यातला नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते, एवढाच तो आकडा. याचाच गैरफायदा घेऊन गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे औद्योगिक रसायन मिसळलं गेलं आणि २००७ साली उत्तर अमेरिकेत पाळीव प्राण्यांचं खाद्य मोठ्या प्रमाणावर बाजारातून परत घ्यावं लागलं. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो, त्यामुळे कागदावर प्रथिनं फुगली आणि प्राण्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. म्हणून घटकांची यादीही वाचायची, आणि कंपनी कच्च्या मालाची व तयार खाद्याची तपासणी करते का हेही विचारायचं.

कॅल्शियम: इथे घाई नको

सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाच्या आतड्याला कॅल्शियम अडवता येत नाही. प्रौढ कुत्रा गरजेपुरतं शोषतो आणि उरलेलं बाहेर टाकतो. पिल्लाच्या बाबतीत खाद्यात जेवढं जास्त, तेवढं जास्त रक्तात उतरतं. छोट्या जातींची हाडं हे बऱ्यापैकी सोसतात. मोठ्या जातींत मात्र कूर्चेचं हाड होण्याची क्रियाच बिघडते: सांध्यातली कूर्चा जाड आणि कच्ची राहते, तिचे तुकडे सुटतात, पुढचे पाय वाकतात, पिल्लू पाच-सहा महिन्यांचं असतानाच लंगडायला लागतं.

आफ्कोच्या निकषात वाढीच्या खाद्यात कोरड्या अंशावर किमान १.२ टक्के कॅल्शियम हवं. कमाल मर्यादा सर्वसाधारण पिल्लांसाठी २.५ टक्के आहे, आणि मोठ्या आकाराच्या पिल्लांसाठी १.८ टक्के. कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण एकास एक ते दोनास एक यामध्ये राहायला हवं.

हिशोब करून पाहू. पिशवीवर कॅल्शियम १.६ टक्के आणि ओलावा १० टक्के. १.६ भागिले ०.९ म्हणजे १.७८. मोठ्या जातीसाठी हे मर्यादेच्या काठावर बसतं. तेच १.७ असतं तर १.८९ आलं असतं, म्हणजे मर्यादेबाहेर. त्याहून चांगला मापदंड कॅलरींवर मोजण्याचा, कारण पिल्लू टक्के खात नाही, कॅलरी खातं. मोठ्या जातींसाठी दर १००० किलोकॅलरीमागे ३ ते ४.५ ग्रॅम कॅल्शियम अपेक्षित आहे. किलोमागे ३६०० किलोकॅलरी देणाऱ्या खाद्यात १.६ टक्के म्हणजे किलोमागे १६ ग्रॅम कॅल्शियम असेल, तर १६ भागिले ३.६ म्हणजे ४.४ ग्रॅम.

बऱ्याच पिशव्यांवर कॅल्शियमचा फक्त ‘किमान’ आकडा असतो. किमान १ टक्का लिहिलेल्या पिशवीत प्रत्यक्षात २ टक्केही असू शकतं. मोठ्या जातीचं पिल्लू असेल तर कंपनीला लिहून प्रत्यक्ष सरासरी आकडा मागा. हा आकडा त्यांच्याकडे असायलाच हवा, आणि तो देता येत नसेल तर दुसरं खाद्य बघा. राखेचा, म्हणजे खाद्य जाळल्यावर उरणाऱ्या खनिजांचा आकडा दिलेला असेल तर तोही पाहा. ७-८ टक्क्यांच्या बराच वर गेलेली राख म्हणजे मांसाच्या भुकटीत हाडांचा वाटा जास्त, आणि हाडं म्हणजे कॅल्शियम.

संपूर्ण खाद्य चालू असताना कॅल्शियमचं सिरप, पावडर, हाडांची भुकटी किंवा व्हिटॅमिन डीचे थेंब घालू नका. ‘पाय भरतील’, ‘कान उभे राहतील’ म्हणून दिलं जाणारं हे सिरप जमवून आणलेलं प्रमाण एका चमच्यात मोडतं. पशुवैद्यकांनी रक्ततपासणी करून सांगितलं असेल तेवढाच अपवाद.

काही जण मोठ्या जातीच्या पिल्लाला सावकाश वाढवायचं म्हणून थेट अॅडल्ट खाद्य सुरू करतात. हेतू बरोबर, वाट चुकीची. अॅडल्ट खाद्यात कॅलरी कमी असल्या तर पिल्लाला ते जास्त घालावं लागतं, आणि त्या जास्तीच्या दाण्यांबरोबर एकूण कॅल्शियमही वाढतं.

घटकांची यादी

यादीत घटक शिजवण्याआधीच्या वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. ताज्या चिकनमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्यामुळे ते वजनाने पहिलं येतं आणि दाणा वाळल्यावर त्याचा वाटा बराच आकसतो. ‘चिकन मील’ म्हणजे पाणी आणि चरबी काढलेली भुकटी. नाव कमी आकर्षक वाटलं तरी त्यात प्रथिनं दाट असतात. मील वाईट नसतं, निनावी मील वाईट. ‘चिकन मील’, ‘फिश मील’, ‘लँब मील’ चालेल, नुसतं ‘मीट मील’ किंवा ‘अॅनिमल बायप्रॉडक्ट्स’ असेल तर प्रत्येक वेळी आत काय आहे ते कळायला मार्ग नसतो.

एकच घटक तुकडे करून लिहिण्याची युक्तीही ओळखायला हवी. वाटाणा, वाटाण्याचं पीठ, वाटाण्याचा स्टार्च, वाटाण्याचा चोथा असे चार वेगळे लिहिले की प्रत्येक जण खाली सरकतो आणि मांस वर राहतं. चौघांची बेरीज मनात करा.

खाद्याच्या नावाचेही नियम आहेत. आफ्कोच्या पद्धतीत ‘विथ चिकन’ म्हणायला ३ टक्के चिकन पुरतं आणि ‘चिकन फ्लेवर’ म्हणायला चव ओळखू येईल इतपत. ‘चिकन डिनर’, ‘चिकन रेसिपी’ यांना किमान २५ टक्के लागतं. समोरची मोठी अक्षरं वाचताना हे लक्षात असू द्या.

धान्यविरहित खाद्य पिल्लासाठी मुद्दाम शोधण्याचं काही कारण नाही. कुत्रे शिजवलेला स्टार्च नीट पचवतात. उलट २०१८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वाटाणा, मसूर, बटाटा यांचा मोठा वाटा असलेल्या खाद्यांचा आणि हृदयाचे स्नायू ताणून कमकुवत होण्याच्या आजाराचा संबंध आहे का याची चौकशी सुरू केली. संबंध ठामपणे सिद्ध झालेला नाही. तरीही वाढत्या पिल्लासाठी, ठोस वैद्यकीय कारण नसताना, तांदूळ, मका, ओट्स असलेलं साधं खाद्यच बरं.

यादीत माशाचं तेल, सॅमन माशाचं तेल किंवा शेवाळाचं तेल आहे का बघा. त्यातलं डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल मेंदू आणि डोळ्यांच्या पडद्याच्या वाढीला लागतं. जवसाच्या तेलाने ही गरज भागत नाही, कारण कुत्र्याच्या शरीरात त्याचं डीएचएमध्ये रूपांतर फार थोडं होतं.

किती घालायचं

उत्तम खाद्य चुकीच्या मापात घातलं तर निवडीचा उपयोग राहत नाही, म्हणून हा हिशोब निवडीचाच भाग समजा. पिल्लाचं आजचं वजन किलोत घ्या. कॅल्क्युलेटरवर त्याचा ०.७५ वा घात काढा आणि ७० ने गुणा. ही विश्रांतीची ऊर्जा. चार महिन्यांपर्यंत तिच्या तिप्पट, त्यानंतर साधारण दुप्पट.

५ किलोंचं तीन महिन्यांचं पिल्लू: ५ चा ०.७५ वा घात ३.३४, गुणिले ७० म्हणजे २३४, तिप्पट म्हणजे सुमारे ७०० किलोकॅलरी. खाद्य १०० ग्रॅमला ३८० किलोकॅलरी देत असेल तर दिवसाला १८५ ग्रॅम. १० किलोंचं पाच महिन्यांचं पिल्लू: ५.६२ गुणिले ७० म्हणजे ३९४, दुप्पट ७८७, म्हणजे सुमारे २०७ ग्रॅम. वजन दुप्पट झालं तरी खाद्य जेमतेम २२ ग्रॅमने वाढलं. हे माहीत नसल्यामुळे चौथ्या-पाचव्या महिन्यात भरपूर पिल्लं जाड होतात.

पिशवीवर कॅलरी दिल्या नसतील तर अंदाज काढता येतो. १०० मधून प्रथिनं, चरबी, ओलावा, राख आणि तंतू वजा करा, उरतात कर्बोदकं. प्रथिनं आणि कर्बोदकं यांना ३.५ ने, चरबीला ८.५ ने गुणून बेरीज करा. २८ टक्के प्रथिनं, १६ चरबी, १० ओलावा, ७ राख, ३ तंतू असतील तर कर्बोदकं ३६, आणि ९८ अधिक १३६ अधिक १२६ म्हणजे १०० ग्रॅमला ३६० किलोकॅलरी.

पिशवीवरचा तक्ता वापरायचा तर आधी एक गोष्ट तपासा: तक्त्यातलं वजन पिल्लाचं आजचं आहे की मोठेपणीचं? पिल्लांच्या बऱ्याच तक्त्यांत मोठेपणीचं वजन आणि आजचं वय अशा दोन बाजू असतात. त्यात आजचे ५ किलो शोधले तर ३० किलोंचा होणारा कुत्रा उपाशी राहतो.

माप कपाने घेऊ नका. दाण्याच्या आकारावर आणि कप कसा भरला यावर वजन बरंच बदलतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरा, दिवसाचं खाद्य सकाळीच मोजून डब्यात काढा आणि त्यातूनच सगळ्या वेळा भागवा. शिकवताना द्यायचे दाणेही त्याच डब्यातले. वेगळा खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांवर जाऊ देऊ नका.

आलेला आकडा ही फक्त सुरुवात असते, पुढे हाताने ठरवायचं. मूठ वळून बोटांच्या सांध्यांवरून दुसरा हात फिरवा: बरगड्या अशा टोचत असतील तर पिल्लू रोड आहे. तळहाताखालच्या गादीसारख्या लागत असतील तर जाड. पंजा सरळ धरून हाताच्या पाठीवरून बोटं फिरवल्यावर जसं लागतं तसं हवं. वरून पाहिल्यावर कंबर दिसली पाहिजे. दर आठवड्याला वजन आणि बरगड्या दोन्ही तपासा आणि दर दोन आठवड्यांनी माप पाच-दहा टक्क्यांनी वर-खाली करा. नसबंदीनंतर कॅलरींची गरज बरीच कमी होते, तेव्हा लगेच माप पुन्हा बघा.

मोठ्या जातीच्या पिल्लाला सडपातळ ठेवायला जीव धजत नाही, पण इथे भरवशाचा पुरावा आहे. ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या २४ जोड्या लावून केलेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रत्येक जोडीतल्या एका पिल्लाला आठ आठवड्यांच्या वयापासून आयुष्यभर जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाद्य दिलं गेलं. कमी खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुर्मान १३ वर्षं भरलं, दुसऱ्या गटाचं ११.२. सांध्यांचा त्रासही त्यांना कमी आणि उशिरा झाला.

चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, मग दोन वेळा हे बहुतेकांना जमतं. दीड-दोन किलोंच्या आतल्या पिल्लांना मात्र सुरुवातीला पाच वेळाही लागू शकतं, पोट फार वेळ रिकामं राहिलं तर त्यांची साखर उतरते. भांडं वीस मिनिटांनी उचला. दिवसभर भरलेलं भांडं ठेवलं तर भूक कमी झाली आहे हे कळतच नाही, आणि आजारपणाची पहिली खूण तीच असते.

दाण्याचा आकार आणि भिजवणं

दाणा पिल्लाला चावता आला पाहिजे, आणि न चावता गिळताही येऊ नये. बकाबक खाणाऱ्या मोठ्या जातीला मोठा दाणा, छोट्या जबड्याला छोटा. आठ-दहा आठवड्यांपर्यंत दाणे कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवून द्या आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत पाणी कमी करत न्या. भिजवलेलं तासाभरात संपलं नाही तर फेकून द्या. दुधात भिजवू नका, त्यातल्या साखरेने जुलाब लागतात.

खाद्य बदलताना

नव्या घरी आल्यावर पहिला आठवडा-दोन आठवडे पिल्लू आधी जे खात होतं तेच चालू ठेवा, ते साधं असलं तरी. मग दोन दिवस पाव भाग नवीन, दोन दिवस अर्धं, दोन-तीन दिवस पाऊण, आणि नंतर पूर्ण. शी पातळ झाली तर मागच्या पायरीवर थांबा.

नवीन खाद्यावर शी पातळ होत असेल तर खाद्याला दोष देण्याआधी माप तपासा, जास्त खाणं हे सर्वात नेहमीचं कारण असतं. दुसरं कारण जंत आणि जिआर्डियासारखे परजीवी, ते शीच्या तपासणीतच कळतात. दर आठवड्याला खाद्य बदलत गेलात तर नेमकं काय मानवत नाही ते कधीच कळणार नाही. चांगल्या खाद्याला सहा आठवडे द्या. मात्र उलट्या, शीत रक्त, मरगळ किंवा जेवण सोडणं यांपैकी काही दिसलं तर थांबायचं नाही, पार्वो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची शक्यता असते आणि पिल्लाचं शरीर काही तासांत कोरडं पडतं. त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे न्या.

पिशवी किती मोठी घ्यावी

उघडल्यापासून चार ते सहा आठवड्यांत संपेल एवढी. १८५ ग्रॅम खाणाऱ्या पिल्लाला महिन्याला साडेपाच किलो लागतं, त्याला १५ किलोंची पिशवी स्वस्त पडली तरी परवडत नाही. हवा लागली की दाण्यावरची चरबी खवट होते आणि जीवनसत्त्वंही कमी होत जातात. खवट खाद्याला जुन्या तेलासारखा किंवा रंगासारखा वास येतो, आणि पिल्लाने अचानक तोंड फिरवलं तर आधी पिशवीचा वास घ्या. खाद्य मूळ पिशवीतच ठेवा, ती घट्ट गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवली तर उत्तम. २७ अंशांखालची कोरडी जागा हवी. दाणे थेट डब्यात ओतले तर तळाला जुनी चरबी साचते आणि नव्या मालालाही खवटपणा लागतो. शिवाय बॅच क्रमांक पिशवीवरच असतो, माल परत मागवला गेला तर तोच लागतो.

पपी फूड कधी थांबवायचं

मोठेपणी १० किलोंपर्यंत जाणाऱ्या जातींना दहा-बारा महिन्यांपर्यंत, मध्यम जातींना वर्षभर, मोठ्यांना पंधरा ते अठरा महिने, अवाढव्य जातींना अठरा ते चोवीस महिने पिल्लाचंच खाद्य द्या. उंची थांबली आणि दोन महिने वजन एकाच आकड्याभोवती राहिलं की आठवडाभरात हळूहळू अॅडल्ट खाद्यावर आणा. नव्या पिशवीवरच्या कॅलरी वेगळ्या असतात, तेव्हा जुने ग्रॅम तसेच पुढे चालवू नका, काटा काढून माप नव्याने ठरवा.